गुडघ्याची ढाल कशी निवडावी?

महाडहून पाचाडमार्गे रायगडाकडे गेलात, की गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी लागते. १९९६ सालापासून रोप-वेचे खालचे स्थानक येथेच आहे. मान वर करून पाहिले की छाती दडपून टाकणारा कातळ दिसतो. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर, घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी हिरकणी गवळण रात्रीच्या वेळी असाच एक कडा उतरून आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काट्याकुट्यांनी आणि दगडांनी तिचे अंग खरचटून निघाले होते, असेही सांगतात. कडा उतरणाऱ्याचे आधी काय खरचटते? कोपर आणि गुडघे!

त्या दिवशी या गुडघ्यांचीच गोष्ट निघाली. आमच्या महाविद्यालयातील मुलांना घेऊन आम्ही रोप-वेची यंत्रणा पाहावयास गेलो होतो. यंत्रणा पाहून झाल्यावर बहुतेक मुले पायऱ्यांनी गड चढू लागली. एक वीस वर्षांचा मुलगा मात्र लंगडत रोप-वेच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पहिल्या पावसात पाचाडजवळच्या एका वळणावर त्याची मोटारसायकल घसरली होती. वेग फार नव्हता, ताशी तीस किलोमीटर असेल. पण गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. गंमत अशी, की त्याने गुडघ्याला नी-गार्ड बांधलेले होते. पिशवीतून ते काढून त्याने मला दाखवले. वर चकचकीत कठीण प्लास्टिक, आत दोन मिलिमीटर जाडीचा स्पंज आणि मागे दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या. "सर, गार्ड किती टिकाऊ आहे बघा," तो म्हणाला, "त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नाही!"

मी म्हणालो, "अरे, ओरखडा नाही याचा अर्थ त्याने काही कामच केले नाही."

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. बरे झाल्यावर त्याला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर जाऊन वेगाने मोटारसायकल चालवण्याचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे होते. "तेव्हा सर, कोणते नी-गार्ड घेऊ? टिकेल असे सांगा." या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना. रोप-वेचा पाळणा वर पोहोचायला चार-पाच मिनिटे लागतात, तेवढ्यात तर मुळीच नाही. म्हणून हा लेख.

पडणाऱ्याचे दोन वेग

आपण गडावर टकमक टोकापाशी उभे आहोत अशी कल्पना करा. (कल्पनाच करा. कड्यावरून दगड टाकणे हा गुन्हा समजावा, कारण खाली माणसे असतात.) एक दगड हातातून नुसता सोडला आणि त्याच क्षणी दुसरा दगड समोर आडवा जोरात फेकला. खाली सपाट जमीन असेल, तर आधी कोणता पोहोचेल? हवेचा विरोध सोडून दिला, तर दोन्ही एकाच वेळी पोहोचतील. आडव्या वेगाचा उभ्या वेगावर काहीही परिणाम होत नाही. हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकलेले आहात.

आता दगडाच्या जागी मोटारसायकलस्वार घ्या. वळणावर चाक घसरले आणि तो खाली आला. त्याच्याजवळ एकाच वेळी दोन वेग असतात. एक उभा, म्हणजे जमिनीकडे जाणारा. दुसरा आडवा, म्हणजे रस्त्याच्या दिशेचा. उभा वेग तो किती उंचीवरून पडला यावर ठरतो, गाडी किती वेगात होती यावर नाही. पडण्याची उंची ०.८ मीटर धरू. गुरुत्वत्वरण १० मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद घेतले, तर वेगाचा वर्ग = २ × १० × ०.८ = १६, म्हणजे वेग ४ मीटर प्रतिसेकंद. ताशी सुमारे साडेचौदा किलोमीटर. स्वार ताशी ३० किलोमीटरने जात असो की १०८ किलोमीटरने, जमिनीवर आदळण्याचा हा वेग साधारण तेवढाच राहतो.

मग वेगवान गाडीवरून पडणे अधिक घातक का? कारण आडवा वेगही कुठेतरी खर्च व्हावा लागतो. रस्त्याला घासत घासत तो खर्च होतो. म्हणजे गुडघ्याच्या ढालीची कामे दोन: आदळण्याचा मार सोसणे हे पहिले, आणि घासणे सोसणे हे दुसरे. ही कामे इतकी वेगळी आहेत, की एकच पदार्थ दोन्ही नीट करू शकत नाही. नी-गार्ड निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन कामांची गल्लत केल्यामुळे होतात.

पहिले काम : मार सोसणे

गुडघ्यामागे एकट्या पायाचे ५ किलोग्रॅम वस्तुमान आहे असे धरू. ४ मीटर प्रतिसेकंद वेगाने येणाऱ्या या वस्तुमानाची गतिज ऊर्जा ½ × ५ × १६ = ४० ज्यूल. जमिनीवर टेकल्यावर ही ऊर्जा शून्यावर यावी लागते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे सूत्र आठवा. थांबण्यास जितके अंतर कमी, तितके बल जास्त.

गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवून पाहा. तेथे मांस जवळजवळ नाहीच, कातडीखाली लगेच हाड लागते. थांबण्यास फार तर ५ मिलिमीटर अंतर मिळेल. तेव्हा सरासरी बल = ४० ÷ ०.००५ = ८००० न्यूटन. म्हणजे सुमारे ८०० किलोग्रॅम वजनाचा भार. आता वाटीवर १० मिलिमीटरने दबणारा फोम बसवला, तर थांबण्याचे एकूण अंतर १५ मिलिमीटर होईल आणि सरासरी बल सुमारे २७०० न्यूटनवर येईल. एक सेंटिमीटर फोमने बल एक-तृतीयांश केले! ही सरासरी आहे. प्रत्यक्षात बलाचे शिखर याहून उंच असते, आणि शरीराचे आणखी वजन गुडघ्यावर आले तर आकडे वाढतात. पण फोम असण्यातला आणि नसण्यातला फरक यावरून कळावा.

पण फोम एकटा पुरत नाही. डांबरी रस्त्यावर खडी उचकटलेली असते. अणकुचीदार खडा फोममध्ये सरळ घुसतो आणि सगळे बल एका चौरस सेंटिमीटरवर एकवटते. वाटीचा पृष्ठभाग सुमारे २० चौरस सेंटिमीटर आहे. फोमवर कठीण कवच असेल, तर तेच बल या साऱ्या क्षेत्रावर पसरते आणि दाब विसाव्या हिश्शावर येतो.

कोकणातल्या मुलांना हे शिकवण्याची गरज नाही. हापूस आंबा मुंबईला कसा पाठवतात? लाकडी पेटीत भाताचा पेंढा घालून. पेटी बाहेरचा धक्का पसरवते, पेंढा तो हळूहळू सोसतो. नुसत्या पेटीत आंबे ठेवले तर ते आतल्या आत आपटून डागाळतील. नुसत्या पेंढ्यात बांधले तर वरच्या ओझ्याने चिरडतील. पेटीही हवी आणि पेंढाही हवा. आणखी एक: आंबे पेटीत हलता कामा नयेत. पेंढा कमी भरला आणि आंबे खुळखुळू लागले, की चांगली पेटीही वाया जाते.

आमच्या विद्यार्थ्याच्या नी-गार्डात पेटी होती, पेंढा नावालाच होता, आणि आंबा खुळखुळत होता. पावसाने भिजलेले इलॅस्टिक सैल पडले आणि आपटण्याच्या क्षणी गार्ड घसरून नडगीवर गेले. गुडघा उघडाच आपटला. म्हणून प्लास्टिकला ओरखडा नाही आणि वाटीला चीर!

ही मार सोसण्याची शक्ती मोजण्याचे एक युरोपीय मानक आहे. त्याचा क्रमांक ईएन १६२१-१. त्याच्या चाचणीत ५ किलोग्रॅमचे वजन सुमारे एक मीटर उंचीवरून, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जेने, पोलादी ऐरणीवर ठेवलेल्या गार्डवर पाडतात आणि पलीकडे किती बल पोहोचले ते मोजतात. २०१२ सालच्या आवृत्तीप्रमाणे सरासरी बल ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर गार्ड पातळी १ चे, आणि २० किलोन्यूटनच्या आत असेल तर पातळी २ चे. हे आकडे आपल्या ८ किलोन्यूटनपेक्षा मोठे पाहून घाबरू नका. पोलादी ऐरण मांसाहाडासारखी दबत नाही, शिवाय येथे सरासरी नव्हे तर बलाचे शिखर मोजतात. हे आकडे एका गार्डची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी आहेत. पातळी २ चे गार्ड पातळी १ पेक्षा मार अधिक सोसते, एवढे त्यातून घ्यावे.

दुसरे काम : घासणे सोसणे

आता आडव्या वेगाकडे वळू. स्वार रस्त्यावर घसरत चालला आहे. कपडे आणि डांबर यांच्यातील घर्षणांक ०.६ धरला, तर त्याचा वेग दर सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होईल. दोन उदाहरणे शेजारी शेजारी मांडू.

पाचाडच्या रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद वेगाने पडलेला स्वार १०० ÷ १२, म्हणजे सुमारे ८ मीटर घसरेल आणि पावणेदोन सेकंदांत थांबेल.

ट्रॅकवर ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने पडलेला स्वार ९०० ÷ १२ = ७५ मीटर घसरेल आणि त्यास ५ सेकंद लागतील.

वेग तिप्पट, पण अंतर नऊपट. ७० किलोग्रॅमच्या स्वाराची दुसऱ्या उदाहरणातील ऊर्जा ३१,५०० ज्यूल होते. एवढ्या ऊर्जेने १०० ग्रॅम पाणी २५ अंश सेल्सिअसपासून थेट १०० अंशांपर्यंत तापेल. ही सारी उष्णता काही रस्त्यात आणि काही कपड्यांत, तीही गुडघा, खुबा, कोपर, खांदा अशा मोजक्या ठिकाणी निर्माण होते. म्हणून येथे दोन गुण हवेत: पदार्थ लवकर झिजू नये आणि उष्णतेने वितळू नये.

साधे जीनचे सुती कापड आपल्याला दणकट वाटते. पण खरखरीत पट्ट्यावर घासण्याच्या चाचणीत ते सेकंदभरही टिकत नाही. नायलॉन झिजण्यास चांगले, पण त्याच्या प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते वितळते, आणि वितळलेले नायलॉन कातडीला चिकटले तर जखम अधिक वाईट होते. ॲरामिड नावाचे पिवळसर तंतू वितळत नाहीत. जनावराचे कमावलेले जाड चामडेही वितळत नाही. त्यातील कोलॅजनचे तंतू एकमेकांत सर्व दिशांनी गुंतलेले असतात. कापडाचा एक धागा तुटला की वीण उसवत जाते, चामड्याला वीणच नाही. म्हणून ते तुटते त्यापेक्षा झिजते जास्त. शर्यतीचे स्वार आजही डोक्यापासून पायापर्यंत चामड्याचा पोशाख घालतात, तो शोभेसाठी नव्हे. हे चामडे साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाड असते.

पोशाखासाठीही युरोपीय मानक आहे. ईएन १७०९२ या २०२० सालच्या मानकात 'एएए', 'एए', 'ए' असे उतरते वर्ग आहेत. ट्रॅकवर जाणाऱ्याने 'एएए' पाहावा. येथे एक लक्षात ठेवा: गार्डवरचा आकडा मार सोसण्याबद्दल बोलतो, पोशाखावरचा वर्ग मुख्यतः घासणे, फाटणे आणि शिवण यांबद्दल. उत्तम गार्ड साध्या विजारीवर बांधले, तर दोन कामांपैकी एकच झाले.

ट्रॅकवर गुडघा टेकवतात तो का?

शर्यतीची चित्रे पाहिली असतील, तर वळणावर स्वाराचा आतला गुडघा जमिनीला घासताना तुम्ही पाहिला असेल. हे काय धाडस? यामागे सुंदर गणित आहे.

वळण घेणाऱ्या गाडीला वळणाच्या आत झुकावे लागते. झुकण्याचा कोन किती, हे एका सोप्या सूत्राने मिळते: कोनाचा टॅन = वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × गुरुत्वत्वरण). ताशी ९० किलोमीटर, म्हणजे २५ मीटर प्रतिसेकंद वेग आणि वळणाची त्रिज्या ६२.५ मीटर असेल, तर ६२५ ÷ ६२५ = १. ज्या कोनाचा टॅन १, तो ४५ अंशांचा. गाडी निम्मी आडवी झाली! २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटो-जीपी शर्यत झाली. अशा शर्यतींतील गाड्या ६० अंशांपलीकडेही झुकतात.

स्वार आपले शरीर आसनावरून आतल्या बाजूला काढतो, तेव्हा गाडी आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आत सरकतो. त्यामुळे त्याच वेगास खुद्द गाडीला थोडे कमी झुकावे लागते. आणि जमिनीला टेकलेला गुडघा झुकाव मोजण्याची पट्टी होतो. 'आता एवढे झुकलो, आणखी नको' असे तो सांगतो. १९७८, १९७९ आणि १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० सीसी गटात जगज्जेता ठरलेल्या अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्‌सने ही पद्धत रूढ केली. सुरुवातीला स्वार गुडघ्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळत असत. पुढे त्या जागी कठीण प्लास्टिकची घडीव वडी आली. तिला स्लायडर म्हणतात. व्हेल्क्रोने ती पोशाखावर बसवतात आणि झिजली की बदलतात.

स्लायडर म्हणजे गुडघ्याचा नाल. घोड्याचा खूर झिजू नये म्हणून नाल झिजतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव झिजते, तेव्हा चाक वाचते. झिजणे हेच त्यांचे काम. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्कार्ड याने १९५३ मध्ये झिजेचा एक नियम मांडला: झिजलेला भाग हा भार आणि घासलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि पदार्थाच्या कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. यातून दोन गोष्टी निघतात. स्लायडर कठीण हवा. आणि गुडघा जमिनीवर दाबावयाचा नसतो, नुसता टेकवावयाचा असतो. भार दुप्पट केला तर झीजही दुप्पट, आणि त्याने वळण काही चांगले होत नाही.

पण स्लायडर म्हणजे मार सोसणारे गार्ड नव्हे, हे विसरू नका. तो पोशाखाच्या बाहेर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस बसतो. मार सोसणारा फोम पोशाखाच्या आत, वाटीवर बसतो. ट्रॅकवर जाणाऱ्यास दोन्ही लागतात.

मातीच्या ट्रॅकची गोष्ट आणखी निराळी. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. तेथे मातीचे उंचवटे असतात, स्वार उड्या मारत जातात. वेग कमी असल्याने घासणे कमी, पण पाय मातीत रुतून पिळवटण्याचा धोका मोठा. म्हणून तेथे वाटीपासून नडगीपर्यंत झाकणारी कठीण कवचे आणि बिजागरीची आधारयंत्रे वापरतात. तेथे स्लायडरचा काही उपयोग नाही.

टिकाऊ म्हणजे काय?

आता विद्यार्थ्याच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. त्याला टिकाऊ गार्ड हवे होते. गार्ड तीन तऱ्हांनी संपते, आणि प्रत्येक तऱ्हेचा उपाय वेगळा आहे.

पहिली तऱ्हा म्हणजे झीज. तिच्याबद्दल आपण पाहिलेच. झिजणारा भाग बदलता येईल असा हवा. स्लायडर वेगळा निघत नसेल, तर तो झिजल्यावर पोशाखच झिजू लागेल.

दुसरी तऱ्हा म्हणजे मार. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा फोम असतो. तो एकदा चिरडला की परत फुगत नाही, म्हणून जबर आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. गुडघ्याचा फोम बहुधा परत फुगतो. त्यातही नव्या प्रकारचे काही फोम हळू दाबले तर मऊ आणि झटक्याने दाबले तर कडक होतात, म्हणून चालताना टोचत नाहीत. तरीही मोठा मार बसल्यावर फोमला भेग, कायमचा खळगा किंवा चुरा दिसला, तर तो टाकून द्यावा.

तिसरी तऱ्हा कोणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे हवा! कपाटात दोन पावसाळे पडून राहिलेले बूट घातले आणि चार पावले चालताच तळाचा भुगा झाला, असा अनुभव तुमच्या घरी कोणाला तरी आलाच असेल. तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतील पाण्याची वाफ त्याच्या लांब रेणूंचे दुवे तोडत जाते. या क्रियेला जलविघटन म्हणतात. अनेक नी-गार्डांचा फोम याच जातीचा असतो. महाड-पोलादपूरचा चार महिन्यांचा पाऊस, त्यात घाम, आणि मग बंद डिकीत ठेवलेले ओले गार्ड. न वापरताही ते संपू लागते. चामड्याला बुरशी येते, इलॅस्टिक ढिले पडते. उपाय सोपा आहे. वापरल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, सावलीत वाऱ्यावर वाळवावे, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून बोटांनी दाबून पाहावे.

तापमानाचाही फोमवर परिणाम होतो. उन्हाने तो मऊ पडतो, थंडीने कडक होतो. मऊ पडलेला फोम तळापर्यंत दबतो आणि मार पलीकडे पोहोचतो. मानकात ४० अंश सेल्सिअसला घेतलेली एक ऐच्छिक चाचणी आहे. ती उतरलेल्या गार्डवर इंग्रजी 'टी' अक्षर आणि अधिकचे चिन्ह असते. उणे १० अंशांच्या चाचणीसाठी 'टी' आणि वजाचे चिन्ह. कोकणातल्या माणसाने अधिकाचे चिन्ह आधी शोधावे.

दुकानात गेल्यावर

इतके समजले की निवड अवघड राहत नाही. गार्ड हातात घेतले की क्रमाने पाहा.

१. आतल्या बाजूस ईएन १६२१-१, मोटारसायकलस्वाराचे चित्र आणि पातळीचा आकडा छापलेला आहे का? गुडघ्याच्या गार्डवर इंग्रजी 'के' हे अक्षर असते. नुसत्या खोक्यावर छापलेले पुरेसे नाही, गार्डवरच असावे.

२. उभे राहून घालून पाहू नका. गाडीवर बसतात तसे बसून, गुडघा वाकवून पाहा. उभ्याने वाटीवर असलेले गार्ड बसल्यावर वर सरकते. वाकवलेल्या गुडघ्यावर ते वाटी आणि तिच्याखालचा भाग झाकते का, ते पाहा.

३. आता हाताने जोर लावून ते खाली, वर, बाजूला सरकवा. हाताने सरकले, तर रस्त्याने सरकणारच. पट्टीच्या गार्डपेक्षा विजारीतल्या घट्ट कप्प्यात बसणारे गार्ड बरे, पण विजार स्वतः सैल असेल तर तेही फिरते.

४. फोमची जाडी पाहा. कडेने दाबून पाहा. एक सेंटिमीटरच्या आसपास दबू शकेल असा फोम हवा. कवच कितीही चकाकले तरी पेंढ्याचे काम पेटी करत नाही.

५. ट्रॅकसाठी असेल, तर पोशाखाचा वर्ग, गुडघ्यावरची शिवण दुहेरी आहे की नाही, आणि स्लायडर बदलता येतो की नाही, हे पाहा.

घरी करण्याचे प्रयोग

पहिला: शाडूच्या मातीची जाड वडी करा. तिच्यावर ५० सेंटिमीटर उंचीवरून २०० ग्रॅमचे वजन पाडा. (ही ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. करून पाहा.) खळग्याची खोली मोजा. मग मातीवर क्रमाने प्लास्टिकचे झाकण, स्पंज, स्पंजावर झाकण, रबरी चपलेचा तुकडा आणि थर्माकोल ठेवून तेच करा. थर्माकोलच्या त्याच जागी दुसऱ्यांदा वजन पाडा आणि फरक पाहा.

दुसरा: हार्डवेअरच्या दुकानातून ६० नंबरचा काचकागद आणा (तेथे त्याला पॉलिश पेपर म्हणतात). अर्ध्या किलोच्या वजनाला जुनी जीन, सुती कापड, नायलॉन आणि जुन्या चपलेचे चामडे आळीपाळीने गुंडाळा, कागदावरून एकाच दिशेने ओढा आणि भोक पडेपर्यंत किती वेळा ओढले ते मोजा. शिक्षकांनी वर्गात गट पाडून हा प्रयोग करावा. आलेख सुरेख येतो.

तिसरा: दोन वाट्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एक वाटी पाणी घाला. बोट हळू घाला, आत जाईल. बोटाने झटका मारा, अडेल. नव्या फोमचे वागणे काहीसे असेच असते.

ढालीची मर्यादा

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे: पडल्यावर स्वाराला घसरण्यास मोकळी जागा मिळेल. ट्रॅकवर वळणाबाहेर ती मुद्दाम राखलेली असते. समोरून कोणी येत नाही, पडणाऱ्याला उचलायला माणसे आणि रुग्णवाहिका तयार असतात. वरंध किंवा आंबेनळी घाटात वळणाबाहेर काय असते? दगडी कठडा, दरड, नाहीतर समोरून येणारी एस.टी. तेथे आडवा वेग घासून खर्च होत नाही, एकदम थांबतो. ३० मीटर प्रतिसेकंद वेगाने कठड्यावर आदळणे म्हणजे ४५ मीटर उंचीवरून पडणे. त्याची ऊर्जा आपल्या ०.८ मीटरच्या पडण्याच्या सुमारे ५६ पट. यासाठी कोणत्याही कारखान्यात गार्ड बनत नाही. गार्ड पिळवटण्यापासूनही फारसे वाचवत नाही. अस्थिबंध तुटतात ते बहुधा पिळवटूनच. आणि गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती एकदा फाटली की हाडासारखी भरून येत नाही.

म्हणून क्रम असा: आधी मोकळा ट्रॅक, मग वेग. आधी हेल्मेट, मग नी-गार्ड. आणि आपल्या कायद्याप्रमाणे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी आज फक्त प्रयोगच करावयाचे आहेत.

त्या मुलाची वाटी आता जुळली आहे. त्याने नवे गार्ड घेतले, तेव्हा दुकानात स्टुलावर बसून, गुडघा वाकवून, हाताने सरकवून पाहून घेतले. दुकानदार हसत होता म्हणे. मी त्याला सांगितले, ट्रॅकवरून परत आलास की स्लायडर मला दाखव. या खेपेस त्याच्यावर ओरखडे असतील, आणि ते असलेच पाहिजेत. गुडघ्यावर मात्र एकही नको. पुढल्या वेळी रायगडाला गेलो, की हिरकणीवाडीतून त्याने आमच्याबरोबर पायऱ्यांनीच वर यावे.